३०० व्होल्ट सोपे असतात

बारा व्होल्टच्या बॅटरीतून ३०० व्होल्ट काढणं ही काही मोठी गोष्ट नाही. डास मारायच्या रॅकेटमध्ये याच्या कितीतरी पट व्होल्टेज असतं आणि ती रॅकेट सिग्नलला गाडीच्या काचेवर टकटक करून विकतात. फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर भरायचा चार्जर मी बांधला. तो बांधताना मला घाम फोडला तो या कपॅसिटरनं. रिकामा असताना एका तऱ्हेनं, भरल्यावर दुसऱ्या.

पाण्यावर थेंब आदळतो तेव्हा क्षणभर जो मुकुट उठतो, त्याचा फोटो मला काढायचा होता. एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांचा १९५७ सालचा दुधाच्या थेंबाचा रंगीत फोटो अनेकांनी पाहिलेला असतो. असे फोटो कॅमेऱ्याच्या शटरनं थांबवता येत नाहीत. खोलीत अंधार करायचा, शटर उघडं ठेवायचं आणि झेनॉन ट्यूबचा, म्हणजे फ्लॅशमधल्या दिव्याचा, लखलखाट हेच शटर मानायचं. ३०० व्होल्टला भरलेला कपॅसिटर या ट्यूबमधून एकदम रिकामा होतो तोच हा लखलखाट. ४० सेंटिमीटरवरून सुटलेला थेंब खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २.८ मीटर असतो. फ्लॅश १ मिलिसेकंद रेंगाळला तर तेवढ्यात थेंब २.८ मिलिमीटर सरकतो आणि फोटोत त्याला शेपूट फुटतं. फ्लॅश १०० मायक्रोसेकंदांच्या आत विझला, तर सरकणं पाव मिलिमीटरच्या आसपास राहतं.

ज्याला फक्त फोटो हवाय त्यानं सरळ कॅमेऱ्यावर लावायचा जुना फ्लॅश, म्हणजे स्पीडलाइट घ्यावा. सगळ्यात कमी पॉवरवर ठेवला की तो हे काम निमूट करतो आणि अंगाला धक्का बसायची भीती नाही. मला सर्किट बांधायचं होतं, थेंब हे निमित्त.

घरच्या २३० व्होल्टला एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर लावला तर ३२५ व्होल्ट जवळपास फुकट मिळतात, हे इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. पण असं सर्किट थेट लाइनला जोडलेलं राहतं, आणि माझ्या टेबलावर पाण्यानं भरलेली परात असणार होती. म्हणून बॅटरी: १८६५० मापाचे तीन लिथियम सेल सिरीजमध्ये, वर संरक्षणाचा बीएमएस बोर्ड. पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट, काम करताना अकराच्या आसपास.

आता या अकराचे तीनशे कसे करायचे? डीसी व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर लगेच सुचतो, पण त्यात मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, प्रत्येक चक्राचा ९६ टक्के वेळ चालू ठेवावा लागतो आणि त्याला ३०० व्होल्टही सोसावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे छोटा इन्व्हर्टर, पुढे डायोड, पुढे रेझिस्टर. यात एक गंमत आहे. स्थिर व्होल्टेजवरून रेझिस्टरमधून कपॅसिटर भरला, तर कपॅसिटरमध्ये जेवढी ऊर्जा साठते तेवढीच रेझिस्टरमध्ये जळते. रेझिस्टर कितीचाही लावा. मोठा लावला तर ती सावकाश जळते, इतकाच फरक. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत अर्धी ऊर्जा अशी घालवणं मला पटेना.

राहिला फ्लायबॅक. मॉस्फेट चालू असताना ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत, म्हणजे बॅटरीकडच्या गुंडाळीत, करंट चढतो आणि कोरच्या गॅपमध्ये ऊर्जा साठते. मॉस्फेट बंद झाला की तीच ऊर्जा सेकंडरीतून, म्हणजे दुसऱ्या गुंडाळीतून, डायोडवाटे कपॅसिटरमध्ये उतरते. मधे जाळायला रेझिस्टर नाही. प्रत्येक पल्सला ठरावीक ऊर्जेचा एक हप्ता.

ट्रान्सफॉर्मर असा तयार मिळत नाही, तो गुंडाळावाच लागतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, ईई-२५ चा फेराइट कोर आणि बॉबिन आणली. या कोरचं मधल्या पायाचं क्षेत्रफळ ५२ चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतं. प्रायमरी ८ वेढे, सेकंडरी ८० वेढे. प्रायमरीला १० मायक्रोहेन्री आणि शिखराचा करंट १० अँपिअर धरला, तर कोरमधलं चुंबकीय क्षेत्र ०.२४ टेस्ला येतं. फेराइट ०.३ च्या पुढे गेलं की सॅच्युरेट व्हायला लागतं, म्हणजे आणखी चुंबकत्व घेत नाही आणि करंट एकदम उसळतो, म्हणून इथेच थांबलो. हिशोबानं एकूण गॅप ०.४२ मिलिमीटर हवी. कोरच्या तिन्ही पायांत कागद ठेवला तर चुंबकीय वाटेत गॅप दोनदा येते, म्हणजे कागदाची जाडी निम्मी, ०.२१. लग्नपत्रिकांच्या ढिगातून मायक्रोमीटरनं मापून एक पत्रिका निवडली. नवरा-नवरीचं नाव नसलेला कोपरा कापून घेतला.

प्रायमरीसाठी २६ गेजच्या चार तारा एकत्र पिळून घेतल्या. एकच जाड तार घेतली तर या फ्रीक्वेन्सीला करंट तिच्या कातडीतूनच वाहतो आणि आतलं तांबं वाया जातं. आधी प्रायमरीचे चार वेढे, त्यावर ३६ गेजची सेकंडरी थराथरानं, प्रत्येक थरावर पिवळी टेप, आणि सगळ्यावर प्रायमरीचे उरलेले चार. सेकंडरी अशी मधोमध आली की लीकेज, म्हणजे प्रायमरीतून सेकंडरीत न पोचणारं चुंबकत्व, कमी होतं. सेकंडरी शॉर्ट करून प्रायमरी मोजली तेव्हा मीटरनं ०.३ मायक्रोहेन्री दाखवले. हाताच्या गुंडाळीला ते बरंच म्हणायचं.

वाइंडिंगची दिशा मात्र डोळ्यांवर विसंबून ठरवू नये. ती उलटी पडली तर हा फ्लायबॅक राहतच नाही. मॉस्फेट चालू असतानाच सेकंडरी सव्वाशे व्होल्टनं थेट रिकाम्या कपॅसिटरवर आदळते. तपासायची सोपी रीत अशी: प्रायमरी आणि सेकंडरी सिरीजमध्ये जोडायच्या आणि इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर लावायचा. एकमेकींना साथ देत असतील तर ८८ वेढ्यांचे १.२१ मिलिहेन्री दिसतात, विरोधात असतील तर ७२ वेढ्यांचे ०.८१. मग टोकांना रंगीत नळी घालून टाकायची.

पहिलं सर्किट मुद्दाम ५५५ वर केलं. हे टायमर आयसी सगळ्यांच्या डब्यात असतं, आणि असे चार्जर बरेच जण त्याच्यावरच करतात. मॉस्फेट ९ मायक्रोसेकंद चालू, १८ बंद, आउटपुट बघून थांबवणारा फीडबॅक काही नाही, आउटपुटला मेलेल्या पॉवर सप्लायमधून काढलेले २२० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक समांतर. मला त्यातला करंट पाहायचा होता, म्हणून मॉस्फेटच्या सोर्स पिनला ०.१ ओहमचा रेझिस्टर लावून त्यावर ऑसिलोस्कोपचा प्रोब ठेवला आणि बॅटरीच्या जागी करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय.

पडद्यावर चक्क जिना दिसला. प्रत्येक पल्सला करंट शून्यापासून चढायला हवा होता. प्रत्यक्षात तो मागच्या पल्सनं जिथे सोडला तिथून पुढे चढत होता, आणि मग एका पायरीला एकदम उभा सुळका. तिथे कोर सॅच्युरेट झाला होता.

कारण साधं आहे, पण स्कोपवर पाहीपर्यंत माझ्या अंगात भिनलं नव्हतं. सेकंडरीतला करंट किती वेगानं उतरणार ते कपॅसिटरवरचं व्होल्टेज ठरवतं. सेकंडरी १ मिलिहेन्रीची, तिच्यात शिखराला १ अँपिअर. कपॅसिटर ३०० व्होल्टला असेल तर हा करंट ३.३ मायक्रोसेकंदांत शून्य होतो. कपॅसिटरवर दोनच व्होल्ट असतील, तर डायोडचा व्होल्टभर ड्रॉप धरूनही तीनशे मायक्रोसेकंदांच्या वर लागतात. ५५५ देतो अठरा. मागचा हप्ता उतरलेला नसताना पुढचा चढतो. रिकामा कपॅसिटर म्हणजे शॉर्ट सर्किट, हे वाक्य आपण अकरावी-बारावीत पाठ करतो. ते मॉस्फेटच्या तापमानात असं दिसतं.

कपॅसिटर लहान असेल तर तो चार-दोन पल्समध्ये या खड्ड्यातून वर येतो आणि ५५५ चं सर्किट चालून जातं. म्हणूनच त्याची इतकी चलती आहे. कपॅसिटर मोठा झाला की मॉस्फेट जातो, आणि लोक आणखी मोठा मॉस्फेट लावतात.

यावर खास उत्तर म्हणजे एलटी ३७५० सारखे आयसी. ते सेकंडरी पूर्ण रिकामी झाल्याचं ओळखून मगच पुढचा पल्स सोडतात. गल्लीत ते मिळत नाहीत आणि बाहेरून मागवायचे तर महाग पडतात. मी यूसी ३८४३ घेतला. हा जुन्या पॉवर सप्लायमधला करंट-मोड आयसी. सेन्स पिनवर १ व्होल्ट आला की तो मॉस्फेट बंद करतो, वेळ किती झाला ते बघत नाही. ०.१ ओहमवर १ व्होल्ट म्हणजे बरोबर १० अँपिअर. कपॅसिटर रिकामा असला तर करंट आधीच वर असतो, त्यामुळे पल्स सुरू होताच कापला जातो. जिना पहिल्या पायरीलाच अडतो.

दुकानात ३८४३ मागितला तर काउंटरवरच्या काकांनी ३८४२ पुढे केला.

“हा ४२ आहे. मला ४३ हवाय.”

“एकच असतात हो साहेब. पिना सेम आहेत, बघा.”

पिना सेम आहेत हे खरं. पण ३८४२ चालू व्हायला १६ व्होल्ट लागतात आणि १० च्या खाली तो बंद पडतो. ३८४३ साडेआठच्या आत सुरू होतो आणि साडेसातच्या जरा वरपर्यंत तग धरतो. तीन सेलच्या बॅटरीवर ३८४२ कधी जागाच होणार नाही, आणि माणूस बिचारा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळत बसेल. शेवटी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ४३ मिळाला.

बाकीचे भाग पटापट सांगतो. १० किलोओहम आणि ४.७ नॅनोफॅरडनं फ्रीक्वेन्सी ३७ किलोहर्ट्झच्या जवळ. मॉस्फेट आयआरएफ ५४०, १०० व्होल्टचा. त्याच्यावर बॅटरीचे १२, सेकंडरीचे परावर्तित ३० आणि लीकेजचा सुळका येतो. तो सुळका गिळायला रेझिस्टर, कपॅसिटर, डायोडचा स्नबर. डायोड यूएफ ४००७. नेहमीचा वन एन ४००७ इथे चालत नाही. तो ५० हर्ट्झसाठी आहे, बंद व्हायला इतका वेळ घेतो की स्वतःच भाजून निघतो. ०.१ ओहमसाठी वायरवाउंड रेझिस्टर लावू नये, त्याची वेटोळी स्वतःच इंडक्टर असतात. १ ओहमचे पाव वॉटचे दहा मेटल फिल्म समांतर लावले की काम होतं. बॅटरीच्या टोकांना १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर, नाहीतर १० अँपिअरचे झटके थेट सेलवर जातात आणि बीएमएस मधूनच बंद पडतो.

प्रत्येक पल्सला अर्धा मिलिज्यूल, सेकंदाला ३७ हजार पल्स, म्हणजे कागदावर १८ वॉट. ४४० मायक्रोफॅरड २९५ व्होल्टला भरले की १९ ज्यूल होतात. हिशोबात एक सेकंद, प्रत्यक्षात दीडच्या आसपास. मॉस्फेट कोमट. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी मीटरकडे बघत नुसता उभा राहिलो.

आता दुसरा भाग, थांबण्याचा. फ्लायबॅकला आपणहून थांबता येत नाही. प्रत्येक हप्ता कुठेतरी उतरायलाच हवा, आणि कपॅसिटर भरला असला तरी तो त्याच्यातच उतरणार. मग व्होल्टेज ३५०, ४००, ४५०, आणि शेवटी इलेक्ट्रोलिटिकचं डोकं फुटणार. ३८४३ चा फीडबॅक २.५ व्होल्टवर असतो, म्हणून वर ३९० किलोओहमचे तीन आणि खाली १० किलोओहम: ११८ पट, २९५ व्होल्ट. वर एकच मोठा रेझिस्टर का नाही? पाव वॉटच्या साध्या रेझिस्टरला २५० व्होल्टची मर्यादा असते. वॉटचा हिशोब सगळे करतात, व्होल्टचा कुणी करत नाही.

मला झोपू दिलं नाही ते वेगळ्याच विचारानं. या तिघांपैकी एकाचा सोल्डर सुटला तर? फीडबॅकला शून्य दिसणार, आयसी समजणार की कपॅसिटर अजून रिकामा आहे, आणि पूर्ण जोरानं भरत राहणार. एका टाक्यावर एवढं सगळं सोडून द्यायचं नव्हतं. म्हणून दुसरी, पूर्ण स्वतंत्र रेझिस्टरांची साखळी घातली, पुढे दोन व्होल्टेजची तुलना करणारा एलएम ३९३ कंपॅरेटर. आउटपुट ३३० च्या वर गेलं की तो ३८४३ ची पहिली पिन खाली खेचून त्याला थांबवतो. मग बेंचवर कमी करंट लिमिट ठेवून, चष्मा घालून, पहिली साखळी मुद्दाम कापली. मीटर ३३१ वर थांबला. ही चाचणी केल्याशिवाय असा चार्जर कुणी डब्यात बंद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भरलेला कपॅसिटर रिकामा करणं हेही चार्जरचंच काम आहे, असं मी मानतो. १९ ज्यूल हातातून छातीतून गेले तर माणूस दगावू शकतो, यात अतिशयोक्ती नाही. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करणारे खूप आहेत; त्यात टोक वितळतं, कपॅसिटरच्या आतल्या जोडण्यांना झटका बसतो, आणि तरी तो पूर्ण रिकामा झाला असेलच असं नाही. मी २.२ किलोओहमचा १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर रिलेच्या नॉर्मली-क्लोज्ड, म्हणजे वीज नसताना जोडलेल्या राहणाऱ्या, कॉन्टॅक्टमधून कपॅसिटरवर टाकला. वीज गेली, बॅटरी उतरली, झाकण उघडलं, काहीही झालं तरी रिले सुटतो आणि पाच सेकंदांत दोन-तीन व्होल्टच उरतात. चालू करताना रिले आधी उघडतो आणि मग चार्जिंग सुरू होतं. हा क्रम महत्त्वाचा, कारण रिलेचे साधे कॉन्टॅक्ट ३०० व्होल्टचा डीसी तोडण्यासाठी नसतात. शिवाय टेस्टरमधला निऑन दिवा, रेझिस्टरसकट, कपॅसिटरवर कायमचा. तो पेटला असेल तर हात लावायचा नाही. विझला असेल तरी लगेच लावायचा नाही, कारण साधारण साठ-सत्तर व्होल्टच्या खाली तो विझतोच. मीटर लावायचा, मग हात. तोही एकच, दुसरा खिशात.

इलेक्ट्रोलिटिक पूर्ण रिकामा करून बाजूला ठेवला तर थोड्या वेळानं त्याच्यावर पुन्हा काही व्होल्ट जमलेले दिसतात. डायइलेक्ट्रिकमध्ये मुरलेला चार्ज हळूहळू बाहेर येतो. घाबरायचं कारण नाही, पण टेबलावरच्या सुट्या कपॅसिटरच्या पायांना तार गुंडाळून ठेवावी.

ट्यूबच्या काचेवर गुंडाळलेल्या तारेला काही हजार व्होल्टचा टोला दिल्याशिवाय झेनॉन पेटत नाही. त्यासाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर, तो झटक्यात सोडणारा स्विच म्हणून बीटी १५१ एससीआर आणि जुन्या बाजारातल्या मेलेल्या फ्लॅशमधूनच काढलेली ट्रिगर कॉइल. थेंबाच्या सेन्सरवरून फ्लॅशची वेळ ठरवणाऱ्या अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाकडून सिग्नल एमओसी ३०२१ ऑप्टोकपलरमधून, म्हणजे तारेनं न जोडता उजेडातून. कॅमेऱ्याच्या हॉट-शूला हे सर्किट कधीही थेट जोडू नये. नव्या कॅमेऱ्यांना तिथे एवढं व्होल्टेज सोसत नाही.

फ्लॅश पडला, आणि फोटोत थेंबाला शेपूट होतं. ४४० मायक्रोफॅरड ट्यूबमधून रिकामे व्हायला वेळ घेतात. बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड स्कोपला लावला, तर उजेड १ मिलिसेकंदाच्याही पुढे रेंगाळत होता. ऊर्जा जास्त म्हणजे फोटो चांगला, असं नसतं. इथे छोटा कपॅसिटर हवा, आणि तोही फिल्मचा, कारण इलेक्ट्रोलिटिकचा अंतर्गत रोध झटका मंद करतो.

असा कपॅसिटर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो: पाण्याच्या मोटरचा रन कपॅसिटर, पॉलिप्रॉपिलीन, ४४० व्होल्ट एसी.

“२० एमएफडीचा द्या.”

“मोटर किती एचपीची आहे?”

“मोटर नाहीये. फोटो काढायचाय.”

त्यानं कपॅसिटर दिला, पण सुटे पैसे परत करताना जरा निरखून बघितलं.

२० मायक्रोफॅरड २९५ व्होल्टला म्हणजे ०.८७ ज्यूल. चार्जर तो शंभर मिलिसेकंदांच्या आत भरतो. दोन फ्लॅशमध्ये थांबावंच लागत नाही. फोटोडायोडवर उजेड ऐंशी मायक्रोसेकंदांच्या आसपास दिसला. उजेड कमी, म्हणून ट्यूब परातीपासून वीतभर अंतरावर आणली, आयएसओ वाढवला आणि मागे दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा उभा केला. मुकुटाचे काठ धारदार आले, टोकांवरचे बारके थेंब सुटे दिसले. एक कटकट उरली आहे: ट्रिगरच्या टोल्यानं अर्डुइनो कधीकधी रिसेट होतो. सेन्सरच्या तारा पिळून आणि ट्रिगरची तार लांब नेऊन ते बरंच कमी झालंय, पण पूर्ण गेलेलं नाही. आता अर्डुइनोला वेगळा सेल आणि पत्र्याचा डबा देऊन पाहणार आहे. तोवर दहा थेंबांत एखादा अंधारातच पडतो.